जस्त वितळता कामा नये

आमचे घरमालक दारात आलेल्या माणसाला पाणी देत नसत. म्हणजे देत, पण लगेच नाही. आधी त्याला अंगणात फेऱ्या मारायला लावत.

मला हे ठाऊक नव्हतं. वेल्ह्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्याच दिवशी खोली शोधत मी त्यांच्या दारात उभा राहिलो. उन्हाचा चालत आलो होतो आणि त्याआधी चार घरांतून परत फिरलो होतो. चारही ठिकाणी एकच प्रश्न झाला होता. गाव कोणतं? भोर. भोरात कुठं? मी बौद्धवाडी म्हटलं की खोली नुकतीच कोणाला तरी दिलेली निघायची. तेव्हा पाचव्या दारात मी आधीच तापून पोहोचलो होतो. आतून काकू, म्हणजे मालकांची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी हात पुढे केला आणि मालक ओसरीवरून ओरडले, "ए, थांब! पानी दिऊ नको त्याला!"

माझा हात तसाच राहिला. कानशिलं गरम झाली. आता इथून जाताना काय बोलायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो. चांगली झणझणीत वाक्यं होती, अजून आठवतात.

"लांबून आलाय त्यो. आदी दोन फेऱ्या मारू दे," मालक म्हणाले आणि मला अंगण दाखवलं. "हळूहळू चाला गुरुजी. दम बसंस्तवर बसायचं न्हाई, पानी प्यायचं न्हाई. तापलेलं यंत्र एकदम बंद करत्यात व्हय कुनी?"

हा अपमानाचा नवा प्रकार आहे की काय, ते मला कळेना. मी रागारागाने फेऱ्या मारल्या. तेवढ्यात तलाठी सायकल ढकलत आले. गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी एक शब्द न बोलता सायकल भिंतीला लावली आणि माझ्यामागून गोल फिरायला लागले. काकूंनी मग एकाच तांब्यातलं पाणी दोघांना दिलं. माझी सगळी वाक्यं फुकट गेली.

खोली देताना मालकांनी गाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. लांबच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवून विचारलं, "ती तारीख वाचता येती का हितनं?" मी वाचली. "मग ऱ्हावा," ते म्हणाले. डोळे चांगले असलेला भाडेकरू त्यांना हवा होता. कशासाठी, ते पुढच्या बाजाराच्या दिवशी कळलं.

मालकांची भातगिरणी होती. पण तालुक्यात त्यांना ओळखत ते गिरणीमुळे नाही, पिकअपमुळे. लष्कराच्या लिलावातली ती जुनी गाडी मुळात पेट्रोलवर चालायची. तिचं स्वतःचं इंजिन केव्हाच गतप्राण झालेलं, तिथे मालकांनी भोरच्या एका फिटरकडून मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. ते इतकं उंच निघालं की बॉनेट लागेना. मग बॉनेटखाली लाकडी ठोकळे घालून ते वर उचललं, आणि हवा ओढून घ्यायचं इंजिनाचं नळकांडं बॉनेटला भोक पाडून वर काढलं. त्यामुळे गाडी समोरून आली की तिने नाक वर केलंय असं वाटायचं. बॉनेटचा एका बाजूचा पत्रा तर त्यांनी कायमचा काढूनच टाकला होता.

त्या उघड्या बाजूने इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाईप दिसायचा. त्या पाईपवर, अगदी इंजिनाच्या तोंडाशी, तारेने घट्ट आवळलेली एक लोखंडी पट्टी होती आणि पट्टीत तीन खळगे. एकात कथलाचा तुकडा, दुसऱ्यात शिशाचा, तिसऱ्यात जस्ताचा. कथील कल्हईवाल्याकडून यायचं. शिसं भाटघरच्या धरणावर मासे धरणाऱ्या मंडळींच्या जाळ्याचं. जस्तासाठी ते गावभरातून विजेरीचे संपलेले सेल गोळा करत आणि त्यांची आवरणं सोलून काढत. शेजारच्या जागेवर बसणाऱ्याने बाहेर वाकून त्या तीन खळग्यांवर नजर ठेवायची आणि काय वितळलं ते ओरडून सांगायचं. माझे डोळे त्यासाठी हवे होते.

"कतील ग्येलं!" मी पहिल्या चढाला ओरडलो.

"जाऊ द्या. कतील ह्ये जायचंच."

"शिसंही हलतंय!"

"शिसं ग्येलं तरी चालंल. पर जस्त वितळता कामा नये. जस्ताकडं बगा निस्तं."

मला वाटलं होतं, हे वेड असावं. पण वेड असं शिस्तशीर नसतं, म्हणून मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. डिझेल जास्त गेलं आणि हवा कमी पडली की ते आत पुरतं जळत नाही, जळत-जळतच बाहेर पडतं. मग पाईप तापतो, काळा धूर निघतो आणि धुराच्या वाटेवरचे वॉल, म्हणजे इंजिनाच्या झडपा, जळून जातात. चढावर, भरल्या गाडीत हे हमखास होतं. लोकांना मात्र काळा धूर म्हणजे ताकद वाटायची. आसपासचे ड्रायव्हर फिटरकडून डिझेलपंपाचा स्क्रू पिळून घेत आणि ढगासारखा धूर सोडत ऐटीत चढ चढत. पोरं टाळ्या पिटत. मालकांनीही सुरुवातीला तो स्क्रू पिळून घेतला होता, आणि त्यातूनच एक गोष्ट घडली. ती मला त्यांनी नव्हे, गिरणीवरच्या बायकांनी सांगितली.

काकूंचं माहेर पासलीचं. दुष्काळी कामावर पासलीच्या खिंडीतला रस्ता खोदून झाला, गाड्या जायला लागल्या, तेव्हा मालकांनी काकूंना पुढच्या जागेवर बसवून माहेरी न्यायचं ठरवलं. काकू नवं लुगडं नेसल्या. खिंडीच्या माथ्यावर त्यांचे भाऊ, भावजया, अर्धं गाव वाट बघत उभं. आणि गाडी शेवटच्या वळणावर काळा धूर ओकून सगळ्यांच्या देखत बंद पडली. वॉल जळाला होता. काकू उतरल्या आणि चढ चढून गेल्या. माथ्यावर कोणीतरी हसलं. परत येताना त्या भावाच्या बैलगाडीतून आल्या. घरी येऊन त्यांनी मालकांना एवढंच सांगितलं, की पासलीची खिंड ही गाडी जोवर मध्ये न थांबता चढत नाही, तोवर मी तिच्यात पाय ठेवणार नाही.

काकूंनी शब्द पाळला. पासलीला जायचं झालं तर चालत जात, बाजाराला एसटीने जात. एकदा पाय मुरगळला तेव्हाही, अंगणात पिकअप उभी असताना, शेजारच्या बैलगाडीतून दवाखान्यात गेल्या. मालक त्या बैलगाडीच्या मागून रिकामी पिकअप चालवत गेले. मी शेजारी होतो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लाजिरवाणा प्रवास. बैल वाटेत थांबले की आम्हीही थांबायचो.

तेव्हापासून ती खिंड हाच मालकांचा उद्योग झाला. स्क्रू त्यांनी मागे फिरवला. गाडी थंड राहू लागली, पण अंगात जोर उरला नाही. मग थोडा पुढे, परत थोडा मागे. भोरचा फिटर त्यांना लांबून बघून दुकानाच्या मागच्या दाराने सटकायचा. नळकांड्याची हवेची जाळी ते रोज सकाळी पूजेच्या आधी धूत. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इतक्या सावकाश नेत, की डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया आम्हाला मागे टाकून जात आणि जाताना विचारत, "मालक, येतासा का आमच्यासंगं?" मालकांना राग येत नसे. ते खिडकीतून मान बाहेर काढून म्हणत, "तुमी व्हा फुडं. आमी जस्त संबाळून येतो."

जोराचा चढ आला की ते सगळ्या उतारूंना खाली उतरवत. एकदा एक पुढारी उतरायला तयार होईनात. मालकांनी गाडी थांबवून मला विचारलं, "गुरुजी, एकदम खरं सांगा. ह्यांच्या वजनानं शिसं जाईल का जस्त?" मी पुढाऱ्यांकडे नीट पाहिलं आणि जस्त म्हणालो. ते उतरले. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलत नव्हते.

माथ्यावर पोहोचल्यावर खरी गंमत. मालक इंजिन बंद करत नसत. गाडी नुसती चालू ठेवून खळग्याकडे बघत बसत. वितळलेलं कथील पुन्हा घट्ट झालं, त्यावर साय धरल्यासारखी झाक आली, की मगच चावी फिरवायची. "दम खाऊ द्या तिला," म्हणायचे. उतारूंना उशीर होई, कोणी कुरकुर करी. मालक ऐकत नसत.

हेच शास्त्र ते माणसांना लावत. आमच्या हेडमास्तरांचा पारा चढलेला दिसला की मला हळूच म्हणत, "शिसं ग्येलंय. आज जरा लांब ऱ्हावा." गिरणीवर दोन बायकांचं भांडण जुंपलं, तर सोडवायला जात नसत. दोघींनाही अंगणात फिरायला लावत, एकीला या दिशेने, एकीला त्या दिशेने. समोरासमोर यायच्या तेव्हा त्या एकमेकींना शिव्या घालत, पण चालता-चालता शिव्यांना जोर राहत नसे. मी स्वतः तापट माणूस. माझ्याकडे बघून ते कधी काही बोलले नाहीत, नुसतं अंगणाकडे बोट दाखवायचे. सुरुवातीला त्या बोटाचाच मला राग यायचा.

काकूंना या सगळ्याचं काही देणंघेणं नाही असंच कोणालाही वाटलं असतं. मालक जेवताना खळगे, स्क्रू, जाळी असं बोलायला लागले की त्या, "भाकरी घ्या," एवढंच म्हणत. पण मी बाजाराहून परतलो, मालक गाडी पुसायला गेले, की त्या भांडी घासता-घासता वर न बघता मला विचारत, "आज कुटवर ग्येलं?"

"शिसं अर्धं, काकू."

"हं."

त्या 'हं'मध्ये काय असायचं, ते शोधण्यात माझा बराच वेळ गेला. मला ते नवरा-बायकोचं भांडण वाटायचं. पण भांडण असतं तर विचारलं कशाला असतं? आणि लोभ म्हणावा, तर एकदा बसून दाखवायला काय हरकत होती? मालकांना मी एकदा तसं बोललोही, की काकूंना जरा समजावून सांगा, कोण लक्षात ठेवतंय आता. मालक जाळी धूत होते. "ती माज्या भरवशावर नवं लुगडं नेसली व्हती, गुरुजी," ते म्हणाले. "त्ये समजावून सांगायचं नसतं. खिंड चडायची असती." त्यांचा आवाज एरवीसारखा खट्याळ नव्हता. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पासलीच्या जत्रेच्या आधी सलग काही खेपांना शिसंसुद्धा शाबूत राहिलं. खिंड आम्ही भाताची पोती भरून न थांबता चढलो. मालकांनी घरी काही सांगितलं नाही. मीच सांगितलं, आणि काकू भांडी घासायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून लुगडं काढून वाळत घातलं. मालकांनी ते दोरीवर पाहिलं आणि उगीचच गाडीच्या चाकांना लाथा मारत फिरत राहिले.

जत्रेच्या सकाळी आळीतल्या बायका जमल्या. एवढ्या वर्षांनी काकू गाडीत बसून माहेरी चालल्या होत्या. बायकांनी गाडी झेंडूच्या माळांनी मढवली, बॉनेटवर आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. आणि काकूंनी गाडीची ओटी भरली. हळदकुंकू, तांदूळ, नारळ, हिरवा खण. सासुरवाशिणीसारखी तीही माहेरीच निघाली होती ना. नारळ आत ठेवला. खण कुठे बांधायचा? गाडीला वर उंच असं ते नळकांडंच तेवढं होतं. त्याच्या गळ्यात काकूंनी खण बांधला, त्यावर बायकांनी माळा घातल्या. मालक डोळे भरून बघत होते. रोज त्या जाळीवर माशी बसू न देणारा माणूस, त्या दिवशी त्यांना काही दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मागे पोत्यांवर बसून मी फक्त एवढंच बघत होतो, की काकू पाय ठेवतात का. त्यांनी ठेवला.

खिंडीचा चढ सुरू झाला तशी गाडी जड वाटायला लागली. खालचा गिअर, सावकाश चाल, सगळं नेहमीचंच. तरी मागे धूर यायला लागला, आधी करडा, मग काळा. मी केबिनच्या पाठच्या खिडकीतून ओरडलो, "काकू, खळगे बघा!"

काकूंनी वाकून पाहिलं. "कतील ग्येलं. शिसंबी ग्येलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जस्ताची कड गोल व्हाया लागली."

शेवटचं वळण आलं होतं. माथ्यावर हलगी वाजत होती, माणसं वाकून खाली बघत होती. आणखी थोडं रेटलं असतं तर गाडी वर पोहोचलीही असती, मग तिथे इंजिनाचं काय व्हायचं ते झालं असतं. मला वाटलं, मालक रेटणार. मी असतो तर रेटलीच असती. एवढी वर्षं त्यासाठीच तर घातली होती त्यांनी.

मालकांनी गाडी थांबवली.

मी उडी मारून चाकामागे दगड लावला. इंजिन चालूच होतं. मालक समोर बघत होते, काकूंकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. "वाटंत आनिक जळाली तर तुला परत बैलगाडीत जावं लागंल," ते म्हणाले. "उतर. म्या हरलो."

वर हलगी थांबली. काकूंनी दाराच्या कडीला हात घातला. मी मान फिरवली, मला ते बघायचं नव्हतं.

पण त्या उतरल्या नाहीत. दार उघडून त्या बसल्या जागेवरून बाहेर वाकल्या, हात लांब केला आणि नळकांड्यावरच्या माळा बाजूला सारल्या. खणाची गाठ सुटून तो वर सरकला होता आणि नळकांड्याच्या तोंडावर घट्ट चिकटून बसला होता. गाडीने स्वतःची ओटी नाकात ओढून घेतली होती. काकूंनी तो खेचून काढला. इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला, धूर पातळ होत गेला. काळा पडलेला खण काकूंनी मांडीवर पसरला, त्याकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. त्यांना मी तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

मालकांनी त्या गडबडीत चावीकडे हात नेला असावा, कारण काकू एकदम ओरडल्या, "बंद करू नगा!"

"अगं, पर थांबली न्हवं गाडी?"

"इंजान चालू हाय का न्हाई? मग थांबली कुटं? दम खातीया ती." आणि त्या खळग्यांकडे वाकून बसल्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "शिसं गोटलं. आता कतील गोटू द्या, मग चला."

मालक स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मला ते पाठीमागून दिसत होतं आणि मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग गाडी माथ्यावर गेली. काकूंच्या भावाने विचारलं, मधी थांबला का? काकू म्हणाल्या, कोन थांबलंय?

पुढे माझी बदली झाली. मालक गेल्याचं कळलं तेव्हा मी भोरला होतो. एसटी वेल्ह्यात उतरवून गेली आणि मी त्यांच्या घरापर्यंत भरभर चालत आलो. भेटल्यावर काय बोलायचं, ते काही सुचत नव्हतं. पिकअप छपरीत उभी होती. अंगणात कोणी नव्हतं. काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी हात पुढे केला.

त्यांनी तांब्या दिला नाही. छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"आदी फेऱ्या मारा, गुरुजी."

मी फिरायला लागलो. एक फेरी झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी पयल्यांदा आला व्हता, तवा पानी दिऊ नको म्हनले ते, आन तुमचं त्वांड उतरलं. तुमाला काय वाटलं, त्ये म्या वळखलं व्हतं."

मी थांबलो. इतक्या वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. "मग बोलला का नाही काकू?"

"चाला तुमी, थांबू नगा," त्या म्हणाल्या. "त्यास्नी न्हाई कळलं, अखेरपतोर. त्यांचं ध्यान निस्तं तुमच्या दमाकडं. मला वाटलं, तुमी ऱ्हाल हितं, तर कळंल तुमचं तुमाला."

माझा दम केव्हाच बसला होता. तरी मी आणखी एक फेरी मारली, आणि काकू तांब्या हातात धरून ती पुरी व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या.